सुगरणीच्या डोक्यातला कवडसा

आमच्या विदर्भात शाळा उशिरा उघडतात, जूनच्या अखेरीस, उन्हाचा कहर ओसरल्यावर. यंदा त्याच सुमारास शेजारचा एक शेतकरी रंगीत पत्रक घेऊन ओसरीवर आला. पत्रकावर भलामोठा अंगठा, अंगठ्याच्या रेषांतून उगवलेला मेंदू, आणि खाली मजकूर: मुलाच्या दहा बोटांचे ठसे द्या, त्याच्यात दडलेली उपजत आवड ओळखा.

"गुरुजी, पोट्ट्याच्या बोटाईत का लिवून हाय ते मशीन सांगते म्हन्ते. खरं हाय का जी?"

"केवढ्याला?"

"पाच हजार."

पाच हजार म्हणजे हमीभावानं विकलेलं दोन क्विंटलहून जास्त धान. पोट्टा सहावीत. बोडीत पोहणं आणि सायकलची चेन काढून पुन्हा बसवणं या दोनच गोष्टींत त्याचं मन रमतं, आणि हे सांगायला मशीन लागत नाही, त्याचे काळे हात पाहिले की पुरे. पण मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. कुणी प्रश्न विचारला की फळा दिसू लागतो.

बोटांच्या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या महिन्यात उठू लागतात आणि पाचव्या महिन्याच्या आसपास नक्षी कायमची होते. ती कुणी आखून देत नाही. एक रसायन रेघ उठवू पाहतं, दुसरं तिला थोपवतं, आणि दोघांच्या ओढाताणीतून आपोआप पट्टे पडतात. असे पट्टे पडू शकतात हे ॲलन ट्यूरिंग या गणितज्ञानं 1952 मध्ये कागदावर मांडलं होतं. बोटांच्या ठशांना ते लागू पडतं हे एडिंबराच्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवलं. झेब्र्याच्या अंगावरचे पट्टे समजावतानाही हीच कल्पना वापरतात. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या भावांची जनुकं सारखी असतात, ठसे मात्र वेगळे, कारण गर्भातली बारीकसारीक हालचाल, दाब, वाढीचा वेग यांनी नक्षी वळते. या रेषांना पोरगा पुढं तबला वाजवणार की ट्रॅक्टर दुरुस्त करणार याची काही खबर नसते. तळहाताच्या रेषा पाहणारा निदान सव्वा रुपयात भागवायचा.

शेजाऱ्याला पटलं, पण अर्धंच. "ठशायचं जाऊ द्या गुरुजी. पन मानसात उपजत काही तं अस्ते न?"

हा प्रश्न पत्रकापेक्षा फारच चांगला होता. त्याचं उत्तर ओसरीवर बसून देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आणि पोट्ट्याला घेऊन बोडीवर गेलो.

भंडारा जिल्ह्यात तलावांना तोटा नाही. मोठे ते मालगुजारी तलाव, आणि शेताच्या उशाला असते ती बोडी. आमच्या बोडीच्या पाळीवर शिंदीची चार झाडं आहेत आणि पाण्यावर ओणवी झालेली एक बाभूळ. पऱ्हे हिरवेगार झाले, रोवणीची घाई सुरू झाली की त्या बाभळीवर सुगरणींची वसाहत बसते. वर्षातले आठ महिने हे पक्षी चिमण्यांच्या थव्यात मिसळून गेले तर ओळखू येत नाहीत. आणि आता मात्र नराचं डोकं पिवळंधमक, तोंडावर काळसर मुखवटा, छातीवर हळद सांडलेली, आणि दिवसभर एकच उद्योग: भाताच्या किंवा शिंदीच्या पातीला चोचीनं कडेला चीर द्यायची, पात धरून उडायचं, की लांब पट्टी सोलून हातात. म्हणजे चोचीत.

हो, नर. सुगरण हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं पक्षी नीट पाहिला नव्हता. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घरटं विणणारी म्हणून मादीचं कौतुक चाललं आहे. सलीम अलींनी 1930 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्यांकडे दिवसेंदिवस पाहत बसून नोंदी केल्या, त्यातून चित्र स्वच्छ झालं. विणतो नर. घरटं हेल्मेटसारखं अर्धं झालं की माद्या बघायला येतात, आत शिरून ओढून-ताणून पाहतात, आणि पसंत पडलं तर मुक्काम टाकतात. मग नर उरलेलं बोगदं पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला, म्हणजे दुसऱ्या संसाराला, लागतो. नापसंत घरटी तशीच लोंबत राहतात. एक घरटं पुरं व्हायला साधारण 18 दिवस, त्यातले 8 हेल्मेटपर्यंत, आणि पट्ट्या आणायच्या फेऱ्या 500 पर्यंत.

शेजाऱ्यानं लगेच विचारलं, की मग आत काजवे लावते ते? हेही गावोगाव सांगतात: सुगरण ओल्या मातीत काजवे चिकटवून रात्रीचा उजेड करते. घरट्यात ओल्या मातीचे गोळे सापडतात, हे खरं. वाऱ्यात घरटं फार हेलकावू नये म्हणून वजन, असा एक अंदाज आहे. काजवे मात्र आपल्या गोष्टीतले. रात्री झोपणाऱ्या पक्ष्याला दिवा कशाला हवा, हा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही.

आता उपजतकडे येऊ. बोडीच्या पलीकडे आमराई आहे, तिथं चैत्रापासून कोकीळ ओरडत असतो. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या घरट्यात. पिल्लू कावळ्याच्या चोचीतून घास खात वाढतं, दिवसभर ऐकतं ते काव काव. तरी मोठं होऊन कूऽऊच म्हणतं. हे उपजत, शुद्ध आणि निखालस. कुणी शिकवलं नाही, उलट चुकीचाच मास्तर लाभला होता.

सुगरणीचं विणणंही तसंच असेल असं वाटतं. तसं नाही. निकोलस आणि एल्सी कोलियास या अमेरिकन जोडप्यानं सुगरणीच्या आफ्रिकन भावंडांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी काही नर पिल्लं अशी वाढवली की त्यांना पाती, गवत, विणण्याजोगं काही मिळूच नये. ही पिल्लं वर्षाची झाल्यावर पहिल्यांदा हिरवी पात पुढ्यात ठेवली. पक्षी पुढं सरसावले, पात चोचीत धरली, फांदीवर घासली. पण पट्टी नीट फाडता येईना, विणणं तर दूरच. ज्यांना लहानपणापासून पातींशी खेळायला मिळालं होतं, जे फांदीला उगीच गाठी मारत बसायचे, ते सरळ कामाला लागले. पुढं सरावानं पहिले सुधारले, पण मागे पडले ते पडलेच. आणखी एक गंमत: निरनिराळ्या रंगांचं साहित्य ठेवलं तर नवशिकी पिल्लंही हिरव्याकडे वळायची. म्हणजे हिरवी पात चोचीत घ्यावी, ती कशात तरी अडकवावी, ही खाज उपजत. गाठ उपजत नाही. बोत्स्वानात एडिंबराच्या संशोधकांनी एकाच नराची एकामागून एक घरटी चित्रित करून पाहिली तेव्हा दिसलं, की घरटी वाढतात तशा त्याच्या हातून पाती कमी पडतात. 2011 मधलं हे काम. तोवर बरेच लोक पक्ष्याचं घरटं म्हणजे साच्यातून काढलेली वीट समजत होते.

आमच्या बाभळीवरही एका कडेला दोन-तीन तरणे नर होते, डोकं अजून धड पिवळं न झालेले. त्यांच्या फांदीला लोंबत होते नुसते गुंते. पोट्टा बराच वेळ तिकडेच पाहत होता.

पण मला स्वतःला वेड लावणारा प्रश्न पुढचा आहे. ही खाज आषाढातच का उठते? तोच नर, तेच झाड, पौषातही पाती असतात, मग तेव्हा तो त्यांच्याकडे ढुंकूनही का पाहत नाही? आणि दरवर्षी ती मेलेली हौस पुन्हा जिवंत कोण करतं?

पावसामुळे, असं शेजारी म्हणाला, आणि ते अर्धं बरोबर आहे. ओली लवचिक पात पावसाशिवाय मिळत नाही. पण पिवळेपणा आधीच चढू लागतो, उन्हाळ्यात, ढग दिसायच्याही आधी. पहिली किल्ली पाण्याची नाही, उजेडाची आहे.

पंचांगात दिनमान म्हणून रकाना असतो, घटी-पळांत. सूर्योदय ते सूर्यास्त किती वेळ, तो आकडा. आमच्याकडे डिसेंबरात दिवस असतो सुमारे 10 तास 50 मिनिटांचा, आणि जूनमध्ये सुमारे 13 तास 25 मिनिटांचा. (त्याच पंचांगात दोन बोटं पलीकडे मुहूर्ताचा रकाना असतो. एक खगोलशास्त्र, दुसरं भिक्षुकी, पण छापलेली दोन्ही एकाच अक्षरांत.) हा अडीच तासांहून थोडा जास्त फरक पक्षी मोजतो. कशानं? डोळ्यांनी, असं कुणीही म्हणेल. फ्रान्समधले झाक बेन्वा यांनी 1930 च्या दशकात बदकांवर प्रयोग केले आणि पाहिलं, की डोळे नसलेल्या बदकांतही उजेडाचे तास वाढवले की वृषणं वाढतात. डोकं काळ्या टोपीनं झाकलं तर वाढत नाहीत. पुढं त्यांनी क्वार्ट्झच्या बारीक कांड्यांतून मेंदूच्या तळाशी उजेड पोचवला, तरी काम झालं.

लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. 1970 मध्ये अमेरिकेत मायकेल मेनेकर आणि सहकाऱ्यांनी आपल्या साध्या घरचिमणीवर केलेला प्रयोग मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याला शाई आणि चिमटा यापलीकडे फारसं काही लागत नाही. काही चिमण्यांच्या डोक्यावरची पिसं उपटली. काहींच्या डोक्याच्या कातडीखाली काळी शाई भरली. दोघींना सारखाच मंद उजेड, सारखेच तास, डोळे दोघींचे उघडे. पिसं उपटलेल्या नरांची वृषणं वाढली, शाईवाल्यांची नाही. म्हणजे ऋतूसाठीचा उजेड डोळ्यांतून जातच नव्हता. तो कवटीतून झिरपत होता. पक्ष्याची कवटी कागदासारखी पातळ. कौलारू घरात दुपारी एखाद्या फटीतून कवडसा उतरतो आणि जमिनीवर सरकत जातो, त्यावरून आमची आई चहाची वेळ सांगायची. सुगरणीच्या डोक्यात तसा कवडसा पडतो, थेट मेंदूच्या तळघरात. तिथल्या काही पेशींत उजेड टिपणारी ऑप्सिन नावाची प्रथिनं असतात, आपल्या डोळ्याच्या पडद्यात असतात त्याच घराण्यातली.

पण उजेड टिपणं वेगळं आणि तास मोजणं वेगळं. याचं उत्तर सुचवलं एर्विन ब्युनिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं, 1936 मध्ये. त्याचं म्हणणं असं, की शरीर तास मोजतच नाही. आतलं चोवीस तासांचं घड्याळ दिवसातून एकदा थोडा वेळ एक खिडकी उघडतं, आणि त्या वेळी बाहेर उजेड आहे की अंधार एवढंच पाहतं. आमच्या भाषेत सांगायचं तर रेशनचं दुकान. दुकान संध्याकाळी पाच ते सात उघडणार. तुम्ही दिवसभर गावात किती हिंडलात याला किंमत नाही, शटर वर असताना दारात होतात का, एवढंच. हिवाळ्यात उजेड पाचलाच घरी जातो, शटर उघडतं तेव्हा दारात कुणी नसतं. उन्हाळ्यात तो सातपर्यंत रेंगाळतो आणि धान्य पदरात पडतं.

हे खरं की कविकल्पना, ते तपासायचं कसं? फसवून. लावा पक्ष्यांना रोज फक्त 6 तास उजेड द्यायचा, म्हणजे हिवाळ्याहून लहान दिवस, आणि मग रात्रीच्या अंधारात एकदाच पाव तास दिवा लावायचा. ब्रायन फॉलेट आणि शार्प यांनी 1969 मध्ये हेच केलं. पाव तास भलत्या वेळी दिला तर काही नाही. सकाळ धरून 12 ते 16 तासांनंतरच्या पट्ट्यात दिला तर पक्ष्याचं शरीर म्हणतं, उन्हाळा आला. एकूण उजेड सव्वासहा तास, आणि पक्षी विणीला तयार! दिवसभर घरी झोपून सहाला दुकानात हजर राहणाऱ्यालाही धान्य मिळतं, तसं.

शटर उघडल्यावर आत काय होतं, तो भाग जपानमधल्या ताकाशी योशिमुरा यांच्या गटानं उलगडला, 2003 ते 2010 या काळात. इथं थोडं थांबून वाचा. तुमच्या घरात कुणाची ना कुणाची थायरॉइडची तपासणी झालेली असते. कागदावर तीन नावं असतात: टी-थ्री, टी-फोर, टीएसएच. नेहमीच्या व्यवहारात मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच रक्तात सोडते, ते खाली गळ्यापर्यंत जातं आणि थायरॉइडला कामाला लावतं. लाव्याच्या मेंदूत पहिला लांब दिवस उगवला की त्याच दिवशी, सकाळनंतर साधारण 14 तासांनी, पिट्युटरीच्या देठाजवळच्या पेशी टीएसएच बनवू लागतात. पण हे टीएसएच खाली गळ्याकडे न जाता उलटं वर चढतं, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात. तिथं चारेक तासांनी एक वितंचक, म्हणजे एन्झाइम, जागं होतं, डीआयओ-टू नावाचं. त्याचं काम एकच: टी-फोरमधला आयोडीनचा एक अणू काढून टाकायचा, म्हणजे उरलं टी-थ्री. फोर वजा वन थ्री, पहिलीचं गणित. पण टी-फोर म्हणजे कणगीतलं धान आणि टी-थ्री म्हणजे कांडलेले तांदूळ, शिजवून खाता येणारे. कणगी सगळ्या अंगभर आहे, कांडण मात्र मेंदूच्या त्या एवढ्याशा कोपऱ्यात चालतं. या तांदळावर तिथल्या पेशी विणीचा संदेश सोडतात, पिट्युटरी एलएच आणि एफएसएच ही विणीची संप्रेरकं सोडते, वृषणं फुगतात. काही पक्ष्यांत शेकडो पट, हिवाळ्यात मोहरीएवढी असलेली. त्यातून टेस्टोस्टेरॉन, आणि मग गाणं, भांडण, विणणं.

पिवळा रंग मात्र या साखळीत शेवटपर्यंत थांबत नाही. विणकर कुळातल्या पक्ष्यांत तो थेट एलएचनं येतो, वृषणं काढलेल्या नरालाही. एमिल विट्शी यांनी याचा उपयोग करून घेतला होता: कुठल्या औषधात एलएच आहे हे पाहायचं तर विणकर पक्ष्याला टोचायचं आणि त्याचं पीस रंगतं का ते बघायचं. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात ज. प. थपलियाल आणि सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात याच आपल्या सुगरणीवर काम केलं. बऱ्याच पक्ष्यांत लांब दिवस चालू असतानाच शरीर कंटाळून बंद पडतं. सुगरणीत त्यांना तसं बंद पडणं दिसलं नाही. दिवस लांब ठेवा, तो तयार राहतो.

हे सगळं मी बोडीच्या पाळीवर काडीनं चित्र काढून सांगितलं. टीएसएच उलटं वर चढलं तेव्हाच शेजारी बिडी पेटवायला उठला होता. पण रेशनच्या दुकानानंतर त्यानं जे सांगितलं ते मला सुचलं नसतं. "मंग आपलं भारी धान बी असंच करते न जी? रोवणी पंधरा दिस मांगंपुढं झाली तरी निसवते एकाच टायमाले." अगदी. जुनी भारी वाणं दिवस लहान व्हायची वाट पाहतात, उजेडाऐवजी अंधाराच्या खिडकीची. हलक्या वाणांत ती अट जवळजवळ काढून टाकलेली, म्हणून ती ठरलेल्या दिवसांत कापणीला येतात. सोयाबीनवर हेच घड्याळ 1958 मध्ये के. के. नंदा आणि कार्ल हॅमनर यांनी उघडं पाडलं: 8 तास उजेडानंतर अंधार वाढवत नेला, तर फुलं सरसकट वाढली नाहीत, पूर्ण चक्र 24, 48, 72 तासांचं होई तेव्हा वाढली, अधेमधे घटली. धान पिकवणाऱ्याला हे शंभर पिढ्या ठाऊक होतं, फक्त कवडश्याचं नाव ठाऊक नव्हतं.

आता बोडीच्या कोपऱ्यावर सोलर दिवा लागला आहे. युरोपातल्या कस्तुरांवर रात्री अगदी अंधूक उजेड ठेवला, 0.3 लक्स, तर त्यांची वीण जवळजवळ महिनाभर आधी तयार झाली, असं 2013 मध्ये दिसलं. आमच्या बाभळीवर त्या दिव्याचं काय होतं ते अजून दोन-चार वर्षं पाहावं लागेल. वही घातली आहे.

हे वाचून कुणी तरी टाळूवर टॉर्च मारून तिसरा डोळा उघडण्याचं शिबिर काढेल, म्हणून आधीच सांगतो: सस्तन प्राण्यांत ऋतूचा उजेड डोळ्यांतूनच मोजला जातो. माणसाच्या टाळूवर दिवा लावला तर टाळू गरम होते, बाकी काही नाही. आणि आपल्या हौशीचा दिनमानाशी असा सरळ दोर बांधलेला नाही. आमच्याकडे झाडीपट्टीत दिवाळीनंतर, धान निघालं की मंडया भरतात आणि गावोगाव नाटकं उभी राहतात. आठ महिने चिखलात असलेला माणूस अचानक तोंडाला रंग लावून रात्रभर स्टेजवर गातो. पाहताना मला दरवर्षी पिवळ्या डोक्याचा नर आठवतो. पण तिथं टीएसएच शोधायची गरज नाही. खिशात धानाचे पैसे, हाताला रिकामा वेळ आणि गावात स्टेज, एवढ्यात समजतं सगळं.

तरी काही एक उरतं, ते माझ्या स्वतःच्या घरचं सांगतो. माझे वडील बाजा विणायचे. अंबाडी बोडीत भिजत घालायची, सोलायची, दोर वळायचा आणि लाकडी चौकटीवर तिरकी वीण चढवायची, तीन वर, तीन खाली. मी बाराव्या वर्षी ते शिकलो आणि मला ते शाळेपेक्षा आवडायचं. मग शिक्षण, नोकरी, बदल्या. चाळीसहून जास्त वर्षं दोराला हात लावला नाही. निवृत्तीनंतर माळ्यावर एक मोडकी चौकट सापडली. अंबाडी आता कुणी लावत नाही, म्हणून बाजारातून नायलॉनची दोरी आणली आणि बसलो. वीण कशी सुरू करायची ते काही केल्या आठवेना. कागदावर चित्र काढून पाहिलं, चुकलं. शेवटी चित्र बाजूला ठेवून दोर हातात घेतला आणि दुसऱ्या विषयावर बायकोशी बोलत राहिलो, तर अर्ध्या तासात चार ओळी उतरल्या होत्या. मला आठवत नव्हतं, हाताला आठवत होतं.

यात गूढ काही नाही. 1953 मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या माणसाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि नवं काही लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला लावायच्या. दर दिवशी तो म्हणायचा, हे मी कधी केलेलं नाही. आणि दर दिवशी त्याच्या चुका कमी व्हायच्या. हाताची आठवण आणि गोष्टीची आठवण यांची गोदामं वेगळी. विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो हे तर हेर्मान एबिंगहाउसनं 1885 मध्येच स्वतःवर मोजलं होतं, निरर्थक अक्षरं पाठ करकरून.

उंदरांच्या मेंदूत हे डोळ्यांनी दिसलं आहे. 2009 मध्ये म्युनिकजवळच्या मॅक्स प्लांक संस्थेत उंदराचा एक डोळा काही दिवस मिटून ठेवला. मेंदूच्या पेशी दुसऱ्या डोळ्याशी जुळवून घेऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या फांद्यांवर नवे बारीक काटे उगवले, बाभळीला असतात तसे. या काट्यांवरच पेशी एकमेकींना भेटतात. डोळा पुन्हा उघडल्यावर कामकाज पूर्वीसारखं झालं, काटे मात्र झडले नाहीत. पुढं तोच डोळा पुन्हा मिटला तेव्हा उंदीर लवकर सरावला आणि नवे काटे जवळजवळ उगवलेच नाहीत, जुनेच कामी आले. माझ्या डोक्यात बाजेचे काटे आहेत की नाहीत ते कुणी पाहिलेलं नाही. पण बाराव्या वर्षी अंबाडी हाती आली नसती तर साठीत नायलॉननं काही जागं झालं नसतं, एवढं मी पैजेवर सांगीन. दडलेली आवड म्हणतात तिला कुणी तरी कधी तरी आत नेऊन ठेवावी लागते. वडिलांनी ठेवली होती.

ऑगस्टात बाभळीखाली पाण्यावर एक टाकलेलं हेल्मेट तरंगत होतं. पोट्ट्यानं पोहत जाऊन ते आणलं आणि माझ्या ओसरीवर बसून उलगडायला लागला. दोन दिवसांत त्याला एक गाठ सापडली जी मला माहीत नव्हती: पट्टीचं टोक स्वतःच्याच फेऱ्यातून उलटं काढून खाली दाबलेलं. ती त्यानं माझ्या बाजेच्या दोरीला मारून पाहिली. सुटली. पुन्हा मारली.

सप्टेंबरात शेजारी बांधीला पाणी लावून सरळ माझ्याकडे आला. त्याच्या बनियनच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागदांचा गठ्ठा होता. शिबिराला तो जाऊन आला होता, बायकोच्या भावानं पैसे दिले म्हणे. चाळीसेक पानं, रंगीत, सगळी इंग्रजीत. मला वाचून दाखवा म्हणाला. मी वाचत गेलो, गोल तक्ते, टक्के, मेंदूचा डावा भाग, उजवा भाग. मध्ये कुठं तरी लिहिलं होतं, की तुमच्या पाल्याला हातानं करून शिकायला आवडतं.

"पोट्टा कोठी हाय?" मी विचारलं.

"बोडीवर. अजून काय." असं म्हणून तो बाजेवर टेकला, आणि बाज त्याच्यासकट जमिनीकडे गेली. उठून त्यानं दोरी बोटानं दाबून पाहिली. "पायथ्याकून ढिली हाय जी गुरुजी. तुमच्या बाबायची अशी नोती."